असंच सोडून जायचं?

रोममधे टर्मिनी स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका गल्लीच्या तोंडाला आमच्या आत्याबाई एका नळापुढं उभ्या राहिल्या आणि हलायलाच तयार होईनात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या लातूरकडं सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत. नळ म्हणजे काय तर कमरेच्या वर येणारा लोखंडी खांब, त्याला खाली वाकलेलं एक नाक, आणि त्या नाकातून बोटाएवढी धार सारखी खालच्या जाळीत पडत होती. आत्याबाईंनी आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग हातातली पिशवी माझ्याकडं देऊन खांबाच्या मागं हात घालून चाचपलं. त्या तोटी शोधत होत्या. "कुणीतरी चालू ठेवून गेलंय बघ, बंद कर की गं." मी म्हणलं, आत्याबाई याला तोटीच नसते, हे असंच वाहत असतं. "असंच म्हंजे कवापर्यंत?" आता याला काय सांगणार, मी म्हणलं चोवीस तास. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच तो चालू ठेवलाय, आणि मला काही कळायच्या आत पुढं होऊन तळहातानं नळाचं तोंडच दाबून धरलं.

त्या नाकाच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. खालचं तोंड दाबलं की पाणी त्या भोकातून कारंज्यासारखं वर उडतं, म्हणजे माणसाला वाकून तोंड न लावता पिता यावं म्हणून ती सोय. हे आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं ते शेजारून चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, बगलेत पेपर, आणि धार बरोब्बर छातीवर. माझा जीव गोळा झाला. आत्याबाईंनी हात काढला आणि अगदी शांतपणे मराठीत सांगितलं, "चुकून झालं हो दादा." तो माणूस बघत राहिला, मग खो खो हसला, काहीतरी बोलला त्यातलं मला फक्त सिन्योरा तेवढं कळलं, आणि मग त्यानं स्वतः बोटानं नळाचं तोंड दाबून, वर आलेल्या धारेला ओठ लावून आम्हाला पिऊन दाखवलं. लहान पोरांना शिकवतात तसं. गेला बिचारा ओल्या शर्टानं. आत्याबाईंनी मग आमच्या दोन बाटल्या भरल्या, माझ्या पर्समधली अर्धी रिकामी बाटली होती ती पण भरून घेतली, तोंड धुतलं, पायावर पाणी घेतलं, आणि आता करण्यासारखं काहीच उरलं नाही तरी त्या तिथंच उभ्या. मी म्हणलं चला. तर त्या धारेकडं बघत म्हणल्या,

"असंच सोडून जायचं?"

मी त्यावेळी हसले. हॉटेलवर गेल्यावर स्टेटसला पण टाकलं, रोममधे सासूबाई नळ बंद करताना, असं काहीतरी लिहून, खाली हसण्याच्या बाहुल्यांचा ढीग पडला. पण ते वाक्य मात्र ज्वारीचं कूस अंगात शिरावं तसं शिरलं, दिसत नाही आणि टोचायचं पण थांबत नाही. आता घरी येऊन महिने झाले, तरी रात्री भांडी घासताना मधेच आठवतं.

तर आम्ही तिकडं गेलो कशाला ते सांगते. माझी नणंद मिलानला असते, तिचं बाळंतपण होतं, म्हणून आत्याबाई मार्चमधे जावयाबरोबर गेल्या. परत एकट्या विमानात बसणार नाही म्हणल्या, आणि घरात उन्हाळ्याची सुट्टी असणारं माणूस मी एकटीच, शाळेत शिकवते ना. मग असं ठरलं की मी मे मधे जायचं, थोडं फिरायचं आणि रोमवरून त्यांना घेऊन यायचं. ह्यांनी पण यावं असं मला फार वाटत होतं. पण ह्यांना यायचं नव्हतं असं नाही, त्यांना येता येत नव्हतं, आणि कारण रजा नाही, पैसे नाहीत, काही नाही. कारण नळ. आमच्या गल्लीत नळ येतो आठ दिवसाला, कधी दहा दिवसाला, आणि कधी पहाटे तीनला तर कधी दुपारी, त्याचं काही नक्की नसतं. घरात कुणीच नसेल तर मोटार कोण लावणार, हौद कोण भरणार, वरच्या टाकीला चढवणार कोण. लोक परदेशात जाताना कुलपाची काळजी करतात, आम्ही नळाची. आत्याबाई जाताना कालनिर्णयच्या मागं पेननं लिहून गेल्या होत्या, पितळी घागर प्यायची, निळं पिंप सैपाकाचं, काळं पिंप धुण्याचं, पहिलं पाणी गढूळ येतं ते भरू नये.

मुंबई विमानतळावर त्यांनी काय केलं ते जावईबापू अजून सांगतात. सुरक्षा तपासणीच्या रांगेत सांगितलं पाण्याची बाटली आत नेता येणार नाही, तिथं डब्यात टाका. लिटरची बाटली, काठोकाठ. टाकून कशी देणार? आत्याबाईंनी तिथंच रांगेतून बाजूला होऊन, भिंतीला टेकून, एक लिटर पाणी एका दमात नाही पण तीन दमात संपवलं आणि रिकामी बाटली पिशवीत ठेवून रुबाबात आत गेल्या. पुढचं सगळं विमानातल्या बाथरूमच्या दाराशी. जावईबापूंना खिडकीकडची सीट मिळाली होती, ती त्यांनी अर्ध्या तासात सोडून दिली.

मिलानला दोन महिन्यांत त्यांनी काय काय केलं त्याची यादी नणंदेनं मला गेल्या गेल्या ऐकवली. दुकानात टमाटे हातानं दाबून वास घेऊन बघितले तर एक बाई अंगावर धावून आली, तिथं भाजीला हात लावायच्या आधी प्लास्टिकचा मोजा घालावा लागतो आणि वजन पण आपणच करून चिठ्ठी चिकटवायची. आत्याबाईंचं म्हणणं, मोज्यातून टमाट्याचं काय कळतं, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. पण खरी भानगड वेगळीच. बाळाच्या आंघोळीचं पाणी वाया जातंय म्हणून त्या ते टबात धरून ठेवायच्या आणि गॅलरीतल्या झाडांना घालायच्या. बेसनाचं, हळदीचं पाणी. ते कुंडीतून खाली, गॅलरीतून खाली, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. चौथ्या दिवशी दाराला इटालियन भाषेत चिठ्ठी, अक्षर फार सुंदर. नणंद डिंकाचे चार लाडू घेऊन माफी मागायला गेली. त्या बाईला लाडू आवडले म्हणे, पण चादरी पिवळ्या त्या पिवळ्याच.

मिलान ते रोम गाडीनं तीन तास, साधारण पावणेसहाशे किलोमीटर. याच्यापेक्षा कमी अंतराला आमची लातूर एक्सप्रेस अख्खी रात्र घेते, पण त्यात झोप तरी लागते, इथं डोळा लागेपर्यंत स्टेशन आलं. हॉटेलवर पैसे आधीच भरलेले, तरी काउंटरवरच्या पोरानं माणशी दर रात्रीचा शहराचा कर वेगळा मागितला. मी समजावून सांगितलं तर आत्याबाई म्हणल्या, "घरपट्टी त्यांनी भरायची का आपण?" मला हसू पण आलं आणि पैसे मोजताना थोडं पटलं पण.

बाथरूमचा किस्सा लिहू का नको असं झालंय, पण लिहितेच. तिथल्या हॉटेलात नहाणीच्या वर भिंतीतून एक दोरी लोंबत असते, टोकाला गोळा. आत्याबाईंना वाटलं कपडे अडकवायची. त्यांनी अंघोळीला जाताना साडी तिच्यावर टाकली, नवी कोरी इरकल, चांगली वजनदार. दोन मिनिटात फोन वाजायला लागला, मग दार वाजायला लागलं, मी उघडलं तर काउंटरवरचा पोरगा धापा टाकत उभा, मागं अजून एक बाई. ती दोरी म्हणजे कुणी बाथरूममधे पडलं झडलं तर ओढायची घंटी. ते आत जायचं म्हणतात, मी दार अडवून उभी, आणि आतून आत्याबाई बेंबीच्या देठापासून ओरडायल्या, "कोन हाय गं? येऊ देऊ नकोस कुणाला!" आवाज ऐकून त्या पोराची खात्री झाली की नक्कीच काहीतरी गंभीर झालंय. शेवटी मी हातवारे करून, साडी म्हणजे काय ते माझ्या ओढणीवर दाखवून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला तो आत्याबाईंशी नजर मिळवेना आणि त्या त्याच्याशी.

त्याच बाथरूममधे कमोडच्या शेजारी अजून एक बुटकं भांडं होतं, नळ असलेलं. बिडे म्हणतात त्याला. बाकी युरोपात बऱ्याच ठिकाणी कागदावर भागवतात पण इटलीत 1975 पासून नियमच आहे, नव्या घरात एका तरी बाथरूमला बिडे पाहिजेच. हे मला आधी माहीत असतं तर मी येताना बॅगेत प्लास्टिकचा मग कोंबून आणला नसता. आत्याबाईंनी मात्र ते भांडं बघताक्षणी ठरवून टाकलं की हे पाय धुवायचं, आणि तीन दिवस रोज संध्याकाळी पलंगावरून उठून तिथं पाटावर बसल्यासारख्या बसून पाय धुतले. मी काही बोलले नाही. एक तर लाज वाटली सांगायला, आणि दुसरं म्हणजे इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं निवांत बसलेलं बघितलंच नव्हतं, पायावर पाणी सोडायचं, बोटांच्या बेचक्यातून चोळायचं, गुणगुणायचं. घरी पाय धुवायचं पाणी काळ्या पिंपातलं असतं, तांब्याभर, आणि तेच पुढं संडासात ओततात.

बसमधे तिकीट मशीनला लावून शिक्का मारायचा राहिला म्हणून झालेल्या दंडाचा आकडा मी इथं लिहीत नाही, ह्यांना अजून सांगितलेला नाही. तिकीट होतं हो! हातात होतं, पैसे देऊन घेतलेलं. पण शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. तपासनीस बाई फार गोड बोलत होती, आणि गोड बोलत बोलत तिनं पावती फाडली. आणि सेंट पीटर्स चर्चच्या रांगेत दीड तास उन्हात उभं राहून दाराशी गेल्यावर मला अडवलं, बिनबाह्यांचा कुर्ता, खांदे उघडे चालत नाहीत. आत्याबाई डोक्यावरून पदर घेऊन सरळ आत. आतून वळून बघितलं, परत आल्या, पिशवीतला टॉवेल काढला, तोच ज्यानं सकाळी पाय पुसले होते, आणि माझ्या खांद्यावर टाकला. तोंडातून एक अक्षर नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या बिनबाह्यांच्या ब्लाउजवरून घरात काय झालं होतं ते मला आठवलं, त्यांना पण आठवलं असणार, नुसत्या गालात हसत होत्या.

पाण्याचं तिकडं सगळं उलटंच आहे. रस्त्यावर फुकट वाहतं, आणि हॉटेलात जेवायला बसलं की विकत. वेटरनं विचारलं कुठलं पाणी, मी घाईत हो हो केलं, आलं ते गॅसवालं. आत्याबाईंनी घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "हा तर सोडा हाय. कुणाचं पोट बिघडलंय?" मी म्हणलं असू द्या, हलवून गॅस काढून प्या. हे मी का बोलले माहीत नाही. त्यांनी बाटली गच्च धरून खळखळा हलवली आणि झाकण उघडलं. टेबलावरचा ब्रेड भिजला, मी भिजले. तो ब्रेड आम्ही मागितला पण नव्हता, बिलात तो पण लावला होता. भिजलेला ब्रेड आत्याबाईंनी दह्यात कालवतात तसा कालवून खाल्ला, पैसे दिलेत म्हणल्या.

ट्रेव्हीच्या कारंज्यापुढं तर मुंगीला शिरायला जागा नव्हती, आपल्या जत्रेसारखी गर्दी, आणि सगळ्यांची पाठ पाण्याकडं, कारण पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकायचं असतं. वर्षाला दहा लाख युरोच्या वर नाणी निघतात म्हणे त्यातून, गोरगरिबांच्या कामाला देतात. आत्याबाईंना पैसे टाकणं लगेच पटलं, आपण नाही का नांदेडला गोदावरीत टाकत. पण पैसा टाकल्यावर पाण्याला हात लावून डोळ्याला लावायचं असतं ना, त्या वाकल्या आणि फुर्रर्र शिट्टी. पोलीस. आजूबाजूचे शंभर लोक बघायला लागले. "पैसे टाकलेले चालतेत, हात लावलेला चालत न्हाई, कसलं देवस्थान म्हणायचं हे?" मी त्यांना तिथून बाजूला काढलं आणि राग जावा म्हणून माहिती सांगत बसले. ते पाणी ज्या कालव्याचं, तो अक्वा व्हिर्गो, अग्रिप्पा नावाच्या माणसानं इसवीसनपूर्व 19 मधे बांधला, तेव्हापासून दुरुस्त्या होत होत चालू आहे. त्या म्हणल्या, "म्हंजे पाणचक्कीवाणी." वेरूळला जाताना संभाजीनगरची पाणचक्की बघितलेली त्यांनी, मातीच्या नळातून डोंगराचं पाणी. मला एकदम बरं वाटलं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात त्या शहराला जमिनीखालून पाणी आणलं होतं आणि त्या शहरात आज लोक नळाची वाट बघतात. हे मी त्यांना बोलले नाही, सुट्टीत होतो आम्ही.

त्याच संध्याकाळी तो नळ भेटला. म्हणजे शिट्टी खाऊन परत येताना. आणि रात्री ह्यांचा फोन आला. तिकडं साडेनऊ म्हणजे आपल्याकडं रात्रीचा एक, मी घाबरलेच. तर ह्यांचा आवाज गुन्हेगारासारखा. काल पहाटे नळ आला होता. हे झोपले. शेजारच्यांना वाटलं मोटार लावली असेल. पावणेपाचला जाग आली तेव्हा नळातून नुसती हवा, सूं सूं. दिवसभर धीर झाला नाही म्हणून आता फोन केला. मी स्पीकर बंद करायला गेले पण आत्याबाईंनी ऐकलंच. त्या ओरडतील असं वाटलं होतं. काही बोलल्या नाहीत. उठून पिशवीतल्या तीन बाटल्या काढल्या, भरलेल्या, आणि ओळीनं खिडकीत मांडून ठेवल्या. मग म्हणल्या, "हितं धार वाया जालालीय आणि तिथं माझं लेकरू टँकर सांगायलंय."

ह्या नणंदेचं लग्न 2016 च्या मे मधलं. त्या साली लातूरला काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, एप्रिलच्या बाराला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, बघायला ही गर्दी. आमच्या घरात तेव्हा आंघोळ घमेल्यात बसून, मग त्या पाण्यानं फरशी, मग ते संडासात. पुण्याचे पाहुणे केळवणाला आले ते आहेराबरोबर वीस लिटरचा कॅन घेऊन आले, आणि आत्याबाईंनी त्या कॅनला हळदकुंकू लावलं होतं, गंमत म्हणून, पण डोळ्यात पाणी होतं. एवढ्या लोकांचं पाणी कुठून आणायचं म्हणून शेवटी लग्न पुण्याला केलं, हॉल घेऊन. एकुलती एक लेक, आणि तिची वरात आपल्या दारातून निघाली नाही. त्या हे कधी बोलून दाखवत नाहीत. पण मिलानला पहिल्या दिवशी नणंद बेसिनचा नळ सोडून फोनवर बोलत होती तेव्हा त्यांनी इतका जोरात नळ बंद केला म्हणे, की बाळ उठलं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटावं म्हणून अजून एक गोष्ट सांगितली. ते नळ, नासोने म्हणतात, म्हणजे मोठं नाक, दीडशेएक वर्षांपासून आहेत आणि शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. पण 2017 च्या उन्हाळ्यात रोमला पण दुष्काळ पडला, ब्राच्चानो नावाचा तलाव आटत चालला, आणि हे वाहते नळ बंद करायची वेळ आली होती. आत्याबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "तोटी न्हाई तर बंद कसं केलं?" मला काय माहीत. "मग परत चालू केलं?" केलं की, आपण काल बघितलं ना. त्यांनी बराच वेळ विचार केला. "इसरले," म्हणल्या. एवढंच.

निघायच्या सकाळी त्या परत त्याच नळावर गेल्या, एकट्या, मी सामान बांधत होते. एक बाटली भरून आणली, झाकणावर प्लास्टिक बांधलं, वर रबर, आणि साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली. मी विचारलं हे कशाला. गंगा आणतात की लोक काशीहून. मी म्हणलं ही गंगा नाही. "मग का झालं?" बाटली गळली अर्थातच. मुंबईला बॅग उघडली तेव्हा नणंदेनं दिलेल्या चॉकलेटांचे कागद भिजलेले, इरकल भिजलेली, आणि बाटलीत निम्मं पाणी शिल्लक. ते निम्मं लातूरपर्यंत आलं आणि देवघरात बसलं, बाळकृष्णाच्या शेजारी.

आम्ही आलो तो नळाचा दिवस होता. आत्याबाई प्रवासाच्या कपड्यांवरच मोटारीची वायर बघून आल्या, पिंपं विसळायला काढली, रात्रभर अंगणात खुर्ची टाकून बसल्या. नळ आला नाही. कुठंतरी पाईपलाईन फुटली होती म्हणे. मे महिन्याची रात्र, पंखा गरम वारा फेकतोय, पितळी घागर तळाला गेलेली. मी मधे एकदा उठले तर देवघरापाशी हे उभे, अंधारात, हातात रिकामी बाटली. तहान लागली, दिसली, पिलो, एवढंच. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या, त्यांनी बाटलीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. आता ह्यांचं काही खरं नाही असं मला वाटलं.

"कसं लागलं रे?"

"कोमट व्हतं," हे म्हणाले.